विणणारीचे मोल आणि नमुन्याचे मोल

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



'लोकरीच्या विणकामाचा स्वतंत्र व्यवसाय' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. विणावे कसे, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. समोरच्या रांगेत अशा आजी बसल्या आहेत, की बोलता बोलता त्यांच्या हातून मोज्याची टाच वळून जाते आणि त्यांना खाली पाहावेही लागत नाही. तेव्हा मी टाके शिकवणार नाही. टाक्यांच्या मागे जो विचार असतो, त्या विचाराबद्दल आणि त्याला मिळणाऱ्या दामाबद्दल मला बोलावयाचे आहे.

विणकामात दोन निरनिराळी कामे असतात. एक विणण्याचे आणि दुसरे नमुना बसवण्याचे. शेजारणीचा स्वेटर पाहून आपण तसाच विणतो, ते पहिले काम. पण तो स्वेटर अमुक छातीला अमुक टाक्यांचा, मुंढ्याला इतके घटवायचे, गळ्याला इतके उचलायचे, हे जिने प्रथम ठरवले आणि दुसरीला वाचून विणता येईल असे लिहून काढले, तिचे काम दुसरे. मी पोट भरते ते या दुसऱ्या कामावर. नमुने बसवते, त्यांची पत्रके विकते, आणि मागणीप्रमाणे थोड्या वस्तूही विणून देते. लोक विचारतात, "म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" त्यांना उत्तर देता देता हे भाषण तयार झाले आहे, असे म्हटले तरी चालेल.

एक नमुना कसा जन्माला येतो, ते थोडक्यात सांगते. समजा, चार वर्षांच्या मुलाचा स्वेटर करायचा आहे. आधी त्याच लोकरीचा आणि त्याच सुयांचा चार इंचांचा चौकोनी तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग पट्टी लावून टाके मोजायचे. एका इंचात ६ टाके बसले आणि स्वेटरचा घेर २४ इंच हवा असला, तर १४४ टाके झाले. हा तुकडा विणण्याचा कंटाळा पुष्कळजणींना येतो. पण हात जरा सैल असला आणि इंचात ६ ऐवजी साडेपाचच टाके बसले, तर त्याच १४४ टाक्यांचा घेर २६ इंचांच्या वर जातो. दोन इंचांनी मोठा झालेला स्वेटर धाकट्याचा थोरल्याला द्यावा लागतो!

घेर ठरला, की बाही, मुंढा, गळा यांचे गणित. ते एका मापाचे झाले, की तोच नमुना २२, २४, २६ आणि २८ इंचांना बसवायचा. येथे नुसती बेरीज-वजाबाकी चालत नाही. मूल वाढते तेव्हा त्याची छाती, हात आणि डोके सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. म्हणून त्याच्या गळ्याला बटणे ठेवावी लागतात, नाही तर घालताना मूल रडते आणि आई विणणारीला बोल लावते. मग सगळे लिहून काढायचे, आणि ज्यांना मी तोंडी काहीच सांगितलेले नाही अशा दोघी-तिघींकडून त्या लिखाणावरून विणून घ्यायचे. त्यांना जेथे अडेल, तेथे माझे वाक्य सुधारायचे. इतके झाल्यावर ते चार पानांचे पत्रक विक्रीला येते. गिऱ्हाइकाला चार पाने दिसतात, मागचे तीन आठवडे दिसत नाहीत.

आता पैशाचे बोलू. घरातल्या बाईने पैशाचे बोलणे हावरटपणाचे वाटते, असे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेले असते. पण एक हिशेब मांडून पाहा. समजा, मुलाच्या स्वेटरला २५० रुपयांची लोकर लागली, ३० रुपयांची बटणे लागली, आणि तो ६५० रुपयांना गेला. हाती राहिले ३७०. विणायला २५ तास लागले असतील, तर तासाला पंधरा रुपयेसुद्धा पडले नाहीत. तरीही घेणारी म्हणते, "ताई, घरच्यासारखे लावा की! बाजारात यंत्राचा चारशेला मिळतो." ती खोटे बोलत नाही. यंत्राशी हाताने किमतीत बरोबरी करावयाची म्हटली, तर हाताने उपाशीच राहावे लागेल.

उलट नमुन्याचा हिशेब पाहा. एक नमुना बसवायला आणि लिहायला, समजा, ४० तास लागले आणि पत्रकाची किंमत १०० रुपये ठेवली. दहा प्रती गेल्या, तर तासाला २५ रुपये पडले. शंभर प्रती गेल्या, तर २५०. छपाई आणि पडताळून पाहणाऱ्या भगिनींचे मानधन यांतून वजा करायचे, ते खरे. पण स्वेटर एकदाच विकला जातो आणि नमुना पुन्हा पुन्हा विकला जातो. ज्या बाईला दिवसाकाठी दोनच मोकळे तास मिळतात, तिला हा फरक फार मोठा आहे. हाताला थकवा येतो, डोळे अधू होतात, पण एकदा नीट लिहून ठेवलेला नमुना म्हातारपणीही चार पैसे देत राहतो.

आपल्या शहरात तर ही गोष्ट पटवून देण्यास फार लांब जायला नको. ज्याला २०२३ पर्यंत औरंगाबाद म्हणत, ते आपले छत्रपती संभाजीनगर हिमरूचे गाव. आपल्या भाषेत मागावरचे विणणे आणि सुयांवरचे विणणे, दोहोंना शब्द एकच. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा त्याच्याबरोबर कारागीर आले आणि ही कला येथे रुजली, असे परंपरेने सांगतात. सूत आणि रेशीम मिळून विणलेले ते तलम कापड आणि त्यावरचे वेलबुट्टे आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण त्या वेलबुट्ट्या मागावर येतात कशा? आधी कोणी तरी त्यांचा नक्षा काढतो. मग ताण्याचा कोणता धागा केव्हा उचलायचा, हे दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवतो. तो जाळा म्हणजे कापडाचे लिहून ठेवलेले पत्रकच म्हणा ना! त्याच्याशिवाय विणकर कितीही वाकबगार असला, तरी एक फूल उठवू शकत नाही.

पुढे यंत्रमागावर स्वस्त नकला निघाल्या, त्या हिमरू म्हणून विकल्या जाऊ लागल्या, आणि हातमाग एकेक करून थांबत गेले. नक्षी जगली, पण ती जिवंत ठेवणारी घरे ओस पडत गेली. ज्यांनी ते नक्षे बांधले, त्यांतल्या एकाचे तरी नाव आपणास सांगता येईल काय? मलाही येत नाही. विचार ज्याचा, त्याचे नाव त्याच्यावर नसले, की असे होते. बाळंतविड्यातले टोपडे आणि मोजे, रुखवतातली तोरणे, यांचेही तसेच झाले आहे. घरोघरी एक तरी आजी अशी होती, की तिने स्वतःच्या डोक्यातून नवी वीण काढली. ती वीण सगळ्या आळीत पसरली, आणि आजीचे नाव तिच्याबरोबर गेले.

याच्या उलट घडलेले एक उदाहरण सांगते. ते अमेरिकेतले आहे, पण बाई आपल्यासारखीच घरसंसार करणारी होती. एलिझाबेथ झिमरमन यांचा जन्म १९१० साली इंग्लंडात झाला. नवऱ्याबरोबर त्या अमेरिकेत गेल्या आणि विस्कॉन्सिन प्रांतात राहिल्या. १९५८ साली त्यांनी विणकामाचे स्वतःचे छोटे पत्रक वर्गणीदारांना टपालाने पाठवण्यास आरंभ केला, आणि १९५९ साली 'स्कूलहाउस प्रेस' हा घरगुती धंदा उभारला. पत्रके, पुस्तके, लोकर, सुया, सगळे टपालाने. १९७१ साली त्यांचे मोठे पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थच 'अश्रूंवाचून विणकाम' असा आहे. १९९९ साली त्या वारल्या, आणि त्यांचा उद्योग लेकीने पुढे चालवला.

त्यांची एक युक्ती आजही माझ्या रोजच्या उपयोगाची आहे. स्वेटरच्या घेराचे टाके म्हणजे शंभर टक्के धरायचे. मनगटाशी बाही त्याच्या वीस टक्के, दंडाशी सुमारे तेहतीस टक्के. म्हणजे आपल्या १४४ टाक्यांच्या स्वेटरला मनगटाशी २८ ते २९ आणि दंडाशी ४८ टाके. लोकर कोणतीही असो, माप कोणाचेही असो, प्रमाण तेच. ही रीत त्यांनी लपवून ठेवली नाही, सर्वांना शिकवली. पण ती त्यांच्या नावाने शिकवली गेली. उदारपणाने शिकवणे आणि आपले नाव पुसून टाकणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्यांच्या चरित्रावरून उमगले.

आपल्याकडच्या काही अडचणी मात्र आपल्याच आहेत. मार्गशीर्ष-पौषातली थंडी सोडली, तर मराठवाड्यात लोकर कोण घालणार? म्हणून येथे व्यवसाय करणारीने वर्षाचे दोन भाग करावेत. पावसाळ्यात हिवाळ्याचे नमुने बसवावेत. उन्हाळ्यात सुती धाग्याकडे वळावे. झबली, पिशव्या, रुमाल, क्रोशाची तोरणे यांना बारमाही मागणी असते. बाळंतविडा तर ऋतू पाहतच नाही. धाग्याचीही निवड करावी लागते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी उत्तम होते, पण तान्ह्या बाळाचे टोपडे होत नाही. मऊ लोकर लुधियानासारख्या ठिकाणच्या गिरण्यांतून येते, आणि तीत पुष्कळदा कृत्रिम धागा असतो. तेव्हा वेष्टनावरचा मजकूर वाचूनच घ्यावी आणि एका नमुन्याची लोकर एकाच रंगाईची घ्यावी, नाही तर पाठ एका छटेची आणि बाही दुसरीच होते.

दुसरी अडचण नकलेची. एका दुकानात माझे एक पत्रक झेरॉक्स करून पाच-पाच रुपयांना विकलेले मी पाहिले आहे. वरचे माझे नाव तेवढे कागदाची पट्टी लावून झाकले होते! विकणाऱ्याला त्यात काही गैर वाटले नाही, आणि घेणाऱ्या भगिनींनाही नाही. हल्ली तर मोबाईलवर फोटो काढला, की काम झाले. यासाठी थोडा कायदा माहीत असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने आपण लिहिलेली कृती आणि काढलेली आकृती आपली ठरते. त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि तो हक्क आपल्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे राहतो. साबुदाण्याची वीण किंवा वेणीची वीण मात्र कोणा एकीची नव्हे, ती सर्वांची. वस्तूवरच्या नक्षीचा नियम निराळा आहे. जी नक्षी नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, ती कारखानी पद्धतीने पन्नासाहून अधिक वेळा उतरवली गेली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली, तर दहा वर्षे आणि पुढे आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. मात्र नक्षी लोकांपुढे मांडण्याच्या आधी अर्ज करावा.

सरकारी कागदपत्रांची भीती बाळगू नये. २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनामूल्य होते. भांडवलासाठी २०१५ च्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. मात्र कर्ज काढण्यापूर्वी एक वही घाला. लोकर किती, तास किती, विक्री किती, उधारी किती. घरखर्चाचा डबा आणि धंद्याचा डबा वेगळा ठेवा. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा पुढे 'लिज्जत' झाला. त्यांच्या पापडाइतकेच त्यांच्या हिशेबाचेही कौतुक करावे.

शेवटी मंडळापुढे तीन विनंत्या ठेवते. आपल्या प्रदर्शनात वस्तूच्या चिठ्ठीवर किमतीबरोबर विणणारीचे नाव आणि लागलेले तास लिहावेत, म्हणजे घासाघीस करणारीचा हात आपोआप जरा थांबेल. वर्गात दुसरीचा नमुना शिकवताना तिचे नाव सांगावे आणि पत्रकाची नक्कल न काढता प्रत विकत आणावी. आणि ज्या वडीलधाऱ्या भगिनींच्या डोक्यात आजवर कोठेही न लिहिलेल्या विणी आहेत, त्यांच्याजवळ वही-पेन्सिल घेऊन मंडळातल्या लेकीसुनांनी बसावे. त्या विणतील, यांनी टाके मोजून लिहावे, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्या आजींचे नाव घालावे. या कामी मी माझे गुरुवार देण्यास तयार आहे. लिहिलेल्या पत्रकांची विक्री झाली, तर ते पैसे मात्र त्या आजींच्याच हातात पडले पाहिजेत.

विणकाम हा रिकाम्या वेळचा उद्योग, असे अजूनही म्हटले जाते. बायकांना रिकामा वेळ कोठे असतो, हे म्हणणाऱ्यांनी एकदा पाहावयास यावे! झोपेतून, जेवणातून, गप्पांतून काढलेला तो वेळ असतो. त्याला दाम मागताना आवाज खाली जाऊ देऊ नका, एवढेच सांगणे आहे.