नंदुरबार टाकलं, काहीच आलं नाही

बसमध्ये ऐकत असाल, भांडी घासताना ऐकत असाल, कसंही ऐका. फक्त आज मोबाइल हाताशी असू द्या, कारण मध्येच काहीतरी टाइप करून बघावंसं वाटेल.

गोष्ट मामापासून सुरू होते. माझा मामा शहादा तालुक्यात राहतो, सातपुड्याच्या पायथ्याला. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत तो आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात या समित्यांची तरतूद आहे, आणि त्यांचं मुख्य काम म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं. गावात कोणती झाडं आहेत, कोणते पक्षी, कोणते मासे, पूर्वी काय होतं, आता काय उरलं, हे सगळं त्यात यायला हवं. तर मामाचा फोन आला. म्हणाला, "काय रे, पुण्यात बसून दिवसभर मोबाइलच बघतोस ना? मग आपल्या भागात पूर्वी काय काय सापडायचं ते तरी शोधून दे."

मला वाटलं, एका संध्याकाळचं काम. जीबीआयएफ नावाची एक साइट आहे, ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी. २००१ साली सुरू झाली, मुख्य कार्यालय कोपनहेगनला. जगभरची म्युझियम्स, वनस्पती संग्रह, पक्षी बघणारे हौशी लोक, या सगळ्यांच्या नोंदी तिथे एकत्र येतात. दोनशे कोटींहून जास्त नोंदी आहेत. शोधायला पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. डाउनलोड करायचं असेल तरच अकाउंट काढावं लागतं.

यातल्या बहुतेक नोंदी म्हणजे कुणीतरी पक्षी पाहिला आणि अ‍ॅपवर टाकला, अशा आहेत. मला जुनं हवं होतं. त्यासाठी 'बेसिस ऑफ रेकॉर्ड' नावाचा फिल्टर असतो, त्यात 'प्रिझर्व्ह्ड स्पेसिमेन' निवडायचं. मग फक्त ते नमुने येतात जे खरोखर कुठल्यातरी कपाटात आहेत. पेंढा भरलेला पक्षी, कागदावर चिकटवलेलं झाड, बाटलीतला मासा. मी ते निवडलं, पक्षी निवडले, १९५० च्या आधीचं निवडलं आणि 'नंदुरबार' टाकलं.

काहीच आलं नाही.

मी आणि माझा आत्मविश्वास. नोंदवहीच्या मसुद्यात लिहून मोकळा झालो, "पूर्वीच्या नोंदी: उपलब्ध नाहीत." मामाला पाठवलं. मामाने अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. संपला विषय.

पुढच्या आठवड्यात हे मी आमच्या कॉलेजच्या एका मॅडमना सहज सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नंदुरबार जिल्हा कधी झाला?"

१ जुलै १९९८. माझ्याच जिल्ह्याची तारीख, शाळेत पाठ केलेली! त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यात. त्याच्याही आधी पश्चिम खानदेश, आणि त्याच्याही आधी नुसता खानदेश. राज्याचं नाव मुंबई इलाखा. १८८० सालच्या माणसाने पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधताना त्यावर 'नंदुरबार जिल्हा, महाराष्ट्र' कसं लिहिणार?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मला ती फार उशिरा समजली. तो सर्च बॉक्स जागा शोधत नाही, कुणीतरी टाइप केलेली अक्षरं शोधतो. आधी एका माणसाने जंगलात चिठ्ठी लिहिली. मग शे-दीडशे वर्षांनी दुसऱ्या माणसाने म्युझियममध्ये ती चिठ्ठी वाचून कॉम्प्युटरवर उतरवली. आपण शोधतो ते या दुसऱ्या माणसाने जे टाइप केलं ते. तुम्ही म्हणाल, नकाशावर चौकोन काढून शोध ना. तेही केलं. पण चौकोनात फक्त अशाच नोंदी सापडतात ज्यांना अक्षांश-रेखांश दिलेले आहेत. जुन्या चिठ्ठ्यांवर ते नसतात, आणि नंतर कुणी बसून काढले नसतील तर ती नोंद नकाशावर दिसतच नाही. आणि चुकून शून्य-शून्य भरलं गेलं, तर तुमच्या सातपुड्यातला पक्षी आफ्रिकेजवळच्या समुद्रात जाऊन पडतो. खरंच, विषुववृत्तावर तिथे अशा नोंदींचा ढीग साचतो. साइट अशा नोंदींना धोक्याची खूण लावते, पण ती वाचायची सवय हवी.

मग मी जुनी स्पेलिंग्ज गोळा करायला बसलो. Khandesh असंही लिहितात, मध्ये एक जास्तीचा आय घालून खानदेइशसारखंही लिहितात. पुण्याचं पूना तर सगळ्यांना माहीत आहे. ठाण्याचं टाना. रत्नागिरीच्या स्पेलिंगचे तर इतके प्रकार की विचारू नका. सगळ्यात मजा वसईची. इंग्रज वसईला बॅसीन म्हणायचे, आणि त्यांच्याच ब्रह्मदेशात आणखी एक बॅसीन होतं, आताचं म्यानमारमधलं पाथेन. म्हणजे वसईच्या एखाद्या मित्राने हौसेने 'बॅसीन' टाकलं, तर इरावतीच्या मुखाजवळचा बगळा त्याच्या गावात येऊन बसायचा!

झाडांचं दुखणं वेगळं. हूकर आणि थॉमसन या दोघांनी एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या वनस्पतींचे गठ्ठेच्या गठ्ठे जगभर वाटले. त्यासोबत छापील चिठ्ठी असे. त्यातल्या एका चिठ्ठीवर ठिकाण म्हणून लिहिलंय, "मलबार, कोकण वगैरे". गोळा करणारे, "स्टॉक्स, लॉ वगैरे". वगैरे! ठाण्यापासून केरळपर्यंत सगळा किनारा एका ओळीत, आणि माणसंही वगैरे. आता त्या झाडासाठी नकाशावर टिंब कुठे द्यायचं? म्हणूनच जीबीआयएफवर कोऑर्डिनेटच्या जवळच 'अनसर्टन्टी' नावाचा आकडा असतो, मीटरमध्ये. तो लाखात असेल तर त्या टिंबाकडे बोट दाखवून "हे झाड माझ्या शेतामागे होतं" असं म्हणू नका.

असो. मी 'खानदेश' टाकलं. आणि नोंदी यायला लागल्या. त्यांत गोळा करणाऱ्याच्या रकान्यात एक नाव पुन्हा पुन्हा दिसत होतं, डेव्हिडसन. जेम्स डेव्हिडसन, आयसीएस अधिकारी. १८८२ साली त्याने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक यादी 'स्ट्रे फेदर्स' नावाच्या नियतकालिकात छापली होती. हे नियतकालिक काढायचा ए. ओ. ह्यूम. हो, काँग्रेसच्या स्थापनेतला तोच ह्यूम. पक्ष्यांसाठी वेडा होता तो माणूस.

आणि डेव्हिडसनच्या मागे जाता जाता मी रानपिंगळ्यापाशी पोहोचलो.

आपला साधा पिंगळा माहीत असेल, संध्याकाळी तारेवर बसून किचकिच करणारा, डोक्यावर पांढरे ठिपके. रानपिंगळा त्याचा जंगलातला भाऊ. डोक्यावर तसे ठळक ठिपके नाहीत, डोकं मोठं, पाय जाड, आणि घुबड असून दिवसाढवळ्या हिंडतो. १८७२ साली ब्लुइट नावाच्या माणसाला तो आताच्या छत्तीसगडमध्ये मिळाला, आणि पुढच्या वर्षी ह्यूमने त्याला ब्लुइटचं नाव दिलं. नंतर डेव्हिडसनला तो आमच्याकडे मिळाला, शहादा-तळोद्याच्या भागात. जगातल्या सगळ्या म्युझियम्समध्ये मिळून याचे फक्त सात नमुने. डेव्हिडसनच्या १८८० च्या दशकातल्या नमुन्यांनंतर फक्त एक नोंद, १९१४ ची. ती गुजरातेतल्या तापीकाठच्या मांडवीची, गोळा करणारा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. त्यानंतर पक्षी गायब. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी शोधला, त्यांनाही मिळाला नाही. नामशेष झाला असंच बरेच जण धरून चालले होते.

आता ही १९१४ ची चिठ्ठी बघा. सगळं आहे तिच्यावर. तारीख, गाव, नदी, नाव. डेटाबेसच्या दृष्टीने इतकी छान भरलेली नोंद की कुठलाही फिल्टर तिला अडवणार नाही.

ती खोटी होती.

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी सगळे नमुने बारकाईने तपासले, एक्स-रे काढले. प्रत्येक माणसाची पक्षी भरायची एक पद्धत असते, शिंप्याच्या शिलाईसारखी. माइनर्ट्झहागेनचा पक्षी उसवून पुन्हा भरलेला होता, पण आतली मूळ शिलाई डेव्हिडसनची होती. म्हणजे या साहेबाने ब्रिटिश म्युझियममधला डेव्हिडसनचा नमुना चोरला, नवा भरला, वर आपली चिठ्ठी लावली, आणि पुढे स्वतःच्या संग्रहाबरोबर त्याच म्युझियमला भेट दिला! त्याच्यावर आधीही संशय होता, एकदा म्युझियमच्या पक्षी विभागात यायलाच त्याला बंदी केली होती. पण शोध लागेपर्यंत माणूस मरून तीस वर्षं होत आली होती. १९९९ साली 'आयबिस' या नियतकालिकात हा सगळा पुरावा छापून आला.

पण छापून येण्याआधीच त्याचा उपयोग झाला होता. मांडवी खोटी आहे म्हटल्यावर शोधायच्या जागा उरल्या त्या फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी जाऊन आले. तिथे काही मिळालं नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरला सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या फांदीवर तो बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी.

हे वाचलं तेव्हा मी होस्टेलच्या जिन्यात बसलो होतो. रात्रीचे दीड वाजले असतील. माझ्या डोळ्यासमोर फक्त ती ओळ होती, मीच लिहिलेली. "पूर्वीच्या नोंदी: उपलब्ध नाहीत." शहादा तालुक्याबद्दल! ज्या तालुक्याचं नाव एका चिठ्ठीवर होतं म्हणून नामशेष समजलेला पक्षी परत सापडला.

आणि ही ओळ निरुपद्रवी नव्हती. उद्या तिथे रस्ता होणार असेल, खाण येणार असेल, अतिक्रमण असेल, तेव्हा कुणीतरी ही नोंदवही उघडणार. त्यात "नाहीत" लिहिलं असेल तर वाचणारा काय समजेल? मला म्हणायचं होतं की मला मिळालं नाही. लिहिलं असं की तिथे काही नव्हतंच.

सकाळी मामाला फोन केला. आधी बोलणी खाल्ली, ती इथे सांगत नाही. मग मी त्याला रानपिंगळ्याचे फोटो पाठवले आणि सगळी गोष्ट सांगितली. तो सगळं ऐकून म्हणाला, "साहेबाने गोळा केला म्हणतोस. साहेबाला जंगलात घेऊन कोण गेलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'रेकॉर्डेड बाय' या रकान्यात डेव्हिडसनचं नाव असतं. वाट दाखवणारा, झाडावर चढणारा, पक्षी उचलून आणणारा, यांच्यासाठी रकाना नसतो. निदान मी चाळलेल्या नोंदींमध्ये असं एकही नाव दिसलं नाही. चोरीची चिठ्ठी एक्स-रेने पकडता येते, पण चिठ्ठीवर कधी आलंच नाही ते कुठल्या यंत्राने शोधायचं?

आम्ही मसुदा पुन्हा लिहिला. "उपलब्ध नाहीत" खोडलं. तिथे आता लिहिलंय की कुठे शोधलं, कोणत्या तारखेला, कोणकोणती स्पेलिंग्ज टाकून, आणि काय मिळालं. रानपिंगळा आता आणखी ठिकाणी सापडलाय, मेळघाटात, २०१४ मध्ये थेट ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात. २०१८ साली त्याचा धोक्याचा दर्जाही एक पायरी खाली आला. पण गावात दिसला तर नेमकं झाड कुठलं, हे आम्ही नोंदवहीत लिहिणार नाही. आयनॅचरलिस्टसारखी अ‍ॅप्ससुद्धा धोक्यातल्या जातींची जागा मुद्दाम धूसर करतात, त्याला कारण आहे. फोटोसाठी गर्दी झाली की घरटं सोडून जातात पक्षी.

एक रकाना आम्ही नवा केला. ज्याने दाखवलं, त्याचं नाव. मामाच्या गावात पहिली नोंद एका गुराख्याच्या नावाने झाली, ज्याने हरणटोळ साप कुठे दिसतो ते दाखवलं. त्याने नाव लिहिताना दोनदा विचारलं, वडिलांचं पण लिहिणार ना?

तर मंडळी, आपल्या गावाचं जुनं स्पेलिंग माहीत नसेल तर घरातल्या जुन्या माणसांना विचारा, जुनं खरेदीखत असेल तर ते काढा, इंग्रजी काळातलं गॅझेटियर मोफत ऑनलाइन मिळतं त्यात बघा. मग टाकून बघा. काही सापडलं तर मला व्हॉइस नोट पाठवा. आणि वसईकर, तुमच्याकडे बगळा आला तर आधी चिठ्ठी वाचा.