मायाळू चेटकीण

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक चेटकीण येऊन गेली. श्रोत्यांनीं दचकूं नये. ती दूरचित्रवाणीच्या पडद्यावरची होती आणि दीड तासांत परतही गेली. तिच्याविषयींचा वाद मात्र चार दिवस मुक्कामाला राहिला. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथें सावेडीच्या बाजूला आमचें बिऱ्हाड आहे. त्या संध्याकाळीं पडद्यासमोर माझी आठ वर्षांची नात, सूनबाई, माझे एक निवृत्त शिक्षकमित्र आणि गांवाहून आलेली माझी वृद्ध आत्या अशीं मंडळी बसलीं होतीं. चौघांनीं एकच चित्रपट पाहिला आणि चौघांचीं मतें चार दिशांना गेलीं. चित्रपटाच्या गुणदोषांपेक्षां त्या मतांची हकीकतच मला अधिक सांगण्यासारखी वाटते. कारण तिच्या शेवटीं मला स्वतःच्याच एका जुन्या गोष्टीचा हिशेब द्यावा लागला.

‘द गुड विच’, म्हणजे ‘भली चेटकीण’, हें त्या चित्रपटाचें नांव. ‘हॉलमार्क’ या अमेरिकन वाहिनीनें तो १९ जानेवारी २००८ रोजीं प्रथम दाखविला. मिडलटन नांवाचें एक लहानसें गांव. तेथें ग्रे हाउस नांवाचा एक जुना वाडा. त्यांत भूत आहे अशी वदंता. एके दिवशीं त्या वाड्यांत कॅसी नाइटिंगेल नांवाची एक परकी, एकटी स्त्री राहावयास येते आणि गांवांत चित्रविचित्र वस्तूंचें दुकान थाटते. गांव कुजबुजूं लागतें. पोलीसप्रमुख जेक रसेल हा विधुर. त्याचीं दोन मुलें तिच्याकडे ओढलीं जातात. उलट नगराध्यक्षांची पत्नी मार्था ही चार माणसें जमवून तिला गांवाबाहेर घालविण्याचा चंग बांधते. दुकानाची मोडतोड होते. शेवटीं गांवाचें मन पालटतें. कॅथरिन बेल या नटीनें कॅसीची भूमिका इतक्या शांतपणें केली आहे कीं, ही बाई खरोखर चेटकीण आहे कीं केवळ शहाणी आहे, याचा उलगडा पाहणाराला अखेरपर्यंत होत नाहीं. लोकांना ती फार आवडली. २०१४ पर्यंत तिचे एकूण सात चित्रपट निघाले आणि पुढें २०१५ पासून २०२१ पर्यंत तिच्यावर मालिकाही चालली.

पहिलें मत नातीचें. चित्रपट संपतांच ती म्हणाली, “आजोबा, हिनें जादू केलीच नाहीं! ही कसली चेटकीण?” तिची निराशा खोटी नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर चेटकिणीचें जें माप होतें, तें ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकांतल्या चिंची चेटकिणीचें होतें. आणि तें माप मराठी मुलांच्या किती तरी पिढ्यांनीं वापरलेलें आहे. सुधा करमरकर यांनीं १९५९ मध्यें मुंबईंत मुलांची रंगभूमि सुरू केली, तेव्हां तिच्यावर पहिलें नाटक आलें तें रत्नाकर मतकरी यांचें ‘मधुमंजिरी’. पुढें १९६२ मध्यें मतकरींनीं पत्नी प्रतिभा यांच्यासह ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. ‘अलबत्या गलबत्या’ हें त्यांचेंच नाटक. त्यांत चिंची चेटकीण उभी केली ती दिलीप प्रभावळकर या पुरुष नटानें. ज्यांनीं पुढें २००६ मध्यें हिंदी पडद्यावर महात्मा गांधींची भूमिका केली, तेच हे. २०१८ मध्यें तें नाटक नव्यानें रंगभूमीवर आलें, तेव्हां वैभव मांगले यांनीं चिंचीचा वेष घेतला.

आतां गंमत अशी, कीं चिंची ही मायाळू नव्हे. ती लबाड आहे, दुष्ट आहे, आणि नाटकाच्या शेवटीं तिची फजिती व्हावी अशीच सर्व प्रेक्षकांची इच्छा असते. परंतु मुलांचें प्रेम तिच्यावरच. नायकाचें नांव विसरतील, चिंचीचें विसरणार नाहींत. लहान मुलाला भीति हवी असते, पण ती आईच्या मांडीवर बसून हवी असते. आणि ज्या भीतीला हंसतां येतें, ती पुन्हां अंधारांत गांठत नाहीं. त्या दृष्टीनें पाहतां चिंचीचें नाक मुलांच्या मनाला जेवढा धीर देतें, तेवढा कॅसीचें गोड स्मित देत नाहीं, हें नातीचें मत मला मान्य करावें लागलें.

दुसरें मत सूनबाईंचें. त्यांनीं चित्रपटाची बाजू घेतली. त्या म्हणाल्या, “मामंजी, घरांतल्या आत्यांपासून लहान मुलीपर्यंत सर्वांनीं मिळून पाहावें असें पडद्यावर आतां किती उरलें आहे? येथें कोणी कोणाचा खून करीत नाहीं, कोणी किंचाळत नाहीं. ती बाई करते काय? समोरच्याचें ऐकून घेते, आणि योग्य वेळीं एखादाच शब्द बोलते. जादू हवी असेल तर ती हीच.” घरांत दिवसभर सर्वांचें ऐकून घेण्याचें काम ज्यांच्या वांट्याला येतें, त्यांना हें वाक्य सुचावें, यांत नवल नाहीं. मीं त्यावर कांहीं बोललों नाहीं. पण त्या रात्रीं जेवणें झाल्यावर भांडीं आवरावयास मी उठलों, एवढें मात्र खरें.

तिसरें मत माझ्या शिक्षकमित्रांचें, आणि तें कठोर होतें. त्यांनीं आयुष्यभर विज्ञान शिकविलें आणि अंधश्रद्धेविरुद्ध गांवोगांव व्याख्यानें दिलीं. ते म्हणाले, “आपल्या भाषेंत ‘भली चेटकीण’ हा वदतोव्याघात आहे, आणि तो तसाच राहूं द्यावा. चेटूक म्हणून कांहीं नाहीं, म्हणून चेटकीणही नाहीं, भलीही नाहीं आणि बुरीही नाहीं. तुमचा चित्रपट हें स्पष्ट म्हणत नाहीं. तो संशयाला साखर लावून ठेवतो.” मग त्यांनीं जें सांगितलें, त्यानें खोलींतली हवा बदलली. नंदुरबार जिल्ह्यांतल्या सातपुड्याच्या पाड्यांवर बायकांना ‘डाकीण’ ठरवून मारहाण झाली आहे, घरादारासकट हांकलून दिलें गेलें आहे. अशा बायका बहुधा एकट्या असतात, कांहींच्या नांवावर तुकडाभर जमीन असते. आणि कोणाचें मूल दगावलें, कोणाचें जनावर मेलें, कीं बोट त्यांच्याकडे वळतें. या व अशा प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यांत सरकारनें वटहुकूम काढला आणि डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा संमत केला. कोणी करणी करतो, भूत लावतो, असा बोभाटा करून त्याचें जगणें कठीण करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. “ज्या देशांत हा कायदा करावा लागतो,” ते म्हणाले, “तेथें चेटकीण ही करमणूक नव्हे.”

यावर माझ्याजवळ एक उत्तर होतें, आणि तें मीं दिलें. ज्या अमेरिकेंत हा गोड चित्रपट निघाला, तिनेंही हें पाप केलेलें आहे. मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथें १६९२ मध्यें चेटुकाच्या आरोपावरून १९ माणसांना फांशीं देण्यांत आलें, आणि एका वृद्धाला छातीवर दगड रचून मारण्यांत आलें. परंतु पांच वर्षांनीं, १६९७ मध्यें, त्या न्यायासनावर बसलेले सॅम्युअल सीवॉल हे बोस्टनच्या चर्चमध्यें सर्वांसमक्ष उभे राहिले आणि त्यांचा कबुलीजबाब वाचून दाखविण्यांत आला. तेथपासून ‘भली चेटकीण’ निपजेपर्यंत शतकें लोटलीं. फ्रँक बॉम यांनीं १९०० मध्यें ‘ओझ’ची कथा लिहिली, तेव्हांही तिच्यांतल्या डोरोथीला चेटकीण चांगली असूं शकते हें ऐकून आश्चर्यच वाटतें. तात्पर्य, आधीं कबुली, मग कीर्तन. मित्र म्हणाले, “हेंच माझें म्हणणें आहे. आपली कबुली अजून व्हावयाची आहे.” मी उत्तर देण्यासाठीं तोंड उघडलें होतें, तें मिटलें.

चौथें मत आत्याचें. तिला इंग्रजी येत नाहीं. नात तिला अधूनमधून मराठींत सांगत होती. सारा वेळ ती मुकाट्यानें पाहत होती. कॅसीच्या दुकानाची मोडतोड झाली त्या प्रसंगीं तिनें चष्मा काढून पुसला, एवढेंच माझ्या लक्षांत आलें. वाद शमल्यावर ती म्हणाली, “ती देखणी आहे रे, म्हणून तुम्हांला भली वाटली. आपल्या गांवची नव्हती देखणी.”

आपल्या गांवची! किती तरी वर्षांत हा विषय आमच्यांत निघाला नव्हता. अकोले तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं आमचें गांव. गांवाच्या कडेला एक म्हातारी एकटीच राहत असे. तिला झाडपाल्याची माहिती होती. निर्गुडी, अडुळसा, वेखंड हीं नांवें मीं प्रथम तिच्या अंगणांत ऐकलीं. आम्हां मुलांच्या छातींत कफ झाला, कीं आई आम्हांला पदराआड घेऊन दिवेलागणीनंतर तिच्याकडे नेई. दिवसा मात्र तिच्या दारावरून जावयाचें नाहीं, अशी सक्त ताकीद. दिवसा ती चेटकीण होती आणि रात्रीं वैद्य होती. तिची जीभ तिखट होती. बकरी कुंपणांत शिरली तर ती शिव्याशाप देई. एके वर्षीं गांवांत तापाची सांथ आली आणि दोन मुलें गेलीं. मग कोणीतरी कोणालातरी कांहींतरी म्हणालें. एका संध्याकाळीं तिच्या दारावर दगड पडूं लागले.

मी तेव्हां नऊ वर्षांचा होतों. माझ्यापेक्षां मोठीं मुलें पुढें होतीं. मीं एकच दगड टाकला आणि तो दारापर्यंत पोंचलाही नाहीं. परंतु तो टाकला, हें मला पक्कें ठाऊक आहे. कारण टाकतांना मला भीति वाटली नव्हती, आनंद वाटला होता. चार दिवसांनीं म्हातारी संगमनेरच्या बाजूला कोण्या नातलगांकडे निघून गेली. तिच्या घराचे वासे त्या पावसाळ्यांत कोसळले. कोणी तिची क्षमा मागितली नाहीं. पुढच्या हिवाळ्यांत माझी छाती भरली, तेव्हां आईनें तालुक्याहून बाटलींतलें औषध आणविलें आणि तें पाजतांना ती रडत होती. तिचें रडणें माझ्या आजारासाठीं आहे, असें मी पुष्कळ वर्षें समजत होतों.

तें सारें आत्यानें नातीसमोर सांगितलें. मीं दगड टाकल्याचें मात्र तिला ठाऊक नव्हतें. तें मीं सांगितलें. नात माझ्याकडे पाहत राहिली. चित्रपटांत कॅसीच्या दुकानाची नासधूस झाली तेव्हां तिचाच राग सर्वांत मोठा होता.

तेव्हां या चार मतांचा निवाडा कसा करावा? चित्रपट निर्मळ आहे, हें सूनबाईंचें म्हणणें खरें. भीतीला हंसवून घालवावें, हा नातीचा आग्रहही योग्य. नांवाचीच पाळेंमुळें खणावीत, हा मित्रांचा हट्ट तर आपल्या कायद्यानेंही उचलून धरला आहे. परंतु आत्याचा आक्षेप मला सर्वांत खोल वाटतो. कॅसी तरुण आहे, सुस्वरूप आहे, गोडबोली आहे. तिच्यावर अन्याय करणारें गांव लवकर शरमतें, कारण तिच्यावर प्रेम करणें सोपें आहे. खरी कसोटी तेथें नाहीं. जी म्हातारी आहे, कुरूप आहे, जिची जीभ तिखट आहे, आणि जिच्याकडून आपण औषध घेतों पण जिला ओळख देत नाहीं, तिच्या दाराशीं शेजारधर्माची कसोटी लागते. तिनें भलें असावें, ही अट आपण कां घालावी? शिव्या देणाऱ्या बाईच्या दारावरही दगड पडतां कामा नये, इतकें साधें तें आहे. भल्या चेटकिणीची कथा हें सांगत नाहीं. तें पाहणाराला स्वतःच्या आठवणींतून काढावें लागतें. आणि तशी आठवण ती चाळवते, एवढें श्रेय मी त्या चित्रपटाला अवश्य देईन.

सुटी संपली त्या दिवशीं नात दप्तर भरतांना म्हणाली, “आजोबा, त्या आजींचें नांव काय होतें?”

मला आठवेना. मीं आत्याकडे पाहिलें. आत्या जन्मापासून त्या गांवची. तिला सर्वांचीं नांवें, सर्वांचीं माहेरें तोंडपाठ. ती बराच वेळ आठवीत बसली. मग तिनें मान हलविली. आम्हीं सर्वांनीं तिला एकाच नांवानें हांक मारली होती, आणि तें तिचें नव्हतें.