दुसरी साक्षरता



शिक्षणातील संगणकाविषयीची तिसरी जागतिक परिषद १९८१ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरली. नोवोसिबिर्स्कचे सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रेई येर्शोव यांनी तेथे संगणकाचा कार्यक्रम लिहिण्याच्या विद्येला 'दुसरी साक्षरता' म्हटले. छापखान्यामुळे वाचता येणे ही जशी सर्वांची गरज झाली, तशीच संगणकामुळे ही विद्याही होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. ती मूठभर तज्ज्ञांची मिरास राहू नये, हा त्यातील खरा वर्गीय आशय.

१ सप्टेंबर १९८५ पासून सोव्हिएत शाळांच्या वरच्या वर्गांत हा विषय सुरू झाला. पाठ्यपुस्तकाच्या संपादकांत येर्शोवही होते. परंतु बहुसंख्य शाळांत यंत्रच नव्हते! मुले वहीत कार्यक्रम लिहीत आणि स्वतःच यंत्र होऊन एकेक आज्ञा पार पाडीत. युक्तिसंगत विचार यातून शिकता येई, हे खरे. तथापि शाळांना यंत्रे पुरविणे नियोजनाला साधले नाही, ही उणीव झाकण्यात अर्थ नाही.

भारतात १९८४ साली 'क्लास' प्रकल्प निघाला. यंत्र ब्रिटिश बनावटीचे, 'बीबीसी मायक्रो', आज्ञा इंग्रजीत. मराठी शाळेतील मुलाने आधी कोणती साक्षरता मिळवावी?

यंत्र आले तरी ते कोणाचे, हा प्रश्न उरतोच. केरळात २००१ साली शालेय संगणक-शिक्षणाची योजना सुरू झाली, तेव्हा मक्तेदार कंपनीच्या प्रणालीविरुद्ध शिक्षक संघटनेने आवाज उठविला. पुढे तेथील शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आले, आणि पडद्यावर मल्याळमही.