चेरीचे झाड आणि हिशेबाची वही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अमेरिकेच्या आरंभीच्या राष्ट्राध्यक्षांविषयी प्रचलित असलेल्या दंतकथांशी आपला काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, कोणत्याही राष्ट्रातील शाळांमधून मुलांना जो इतिहास शिकवला जातो, त्यातून उद्याच्या नागरिकाची घडण होत असते. त्याने प्रश्न विचारावेत की नमस्कार करावा, हे पुष्कळ अंशी तेथेच ठरते. अमेरिकेचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तेथे दंतकथा कोणी व केव्हा रचली याचा पुरावा उपलब्ध आहे. आणि दंतकथेने जे झाकले त्याचाही पुरावा, खुद्द त्या थोर पुरुषांच्या पत्रांतून आणि हिशेबांतून, शिल्लक राहिला आहे.

सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीपासून आरंभ करू. लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने नव्या कुऱ्हाडीने वडिलांचे आवडते चेरीचे झाड तोडले आणि वडिलांनी विचारताच, आपल्याला खोटे बोलता येत नाही असे सांगून अपराध कबूल केला, ही कथा आपल्याकडेही अनेकांनी बालपणी ऐकलेली आहे. या कथेला कसलाही आधार नाही. वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजी निवर्तले. पुढच्याच वर्षी मेसन लॉक वीम्स नावाच्या एका धर्मोपदेशकाने त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. हे गृहस्थ गावोगाव हिंडून पुस्तके विकण्याचा व्यवसायही करीत. त्यांच्या चरित्राच्या पहिल्या आवृत्तीत झाडाची गोष्ट नाही. ती १८०६ सालच्या पाचव्या आवृत्तीत प्रथम अवतरली. आधार म्हणून वीम्स यांनी एका निनावी वृद्धेचा हवाला दिला. पुढे मॅकगफी यांच्या शालेय वाचनमालेने ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी बसवली. सत्यप्रियतेचा धडा देण्यासाठी रचलेली गोष्ट स्वतःच असत्य निघावी, हा विनोद आहे आणि तेवढ्यावर हसून तो सोडूनही देता आला असता. परंतु या कथेच्या आड जे दडले आहे, ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

वॉशिंग्टन अध्यक्ष असताना राष्ट्राची राजधानी १७९० पासून फिलाडेल्फिया येथे होती. ज्या राज्यात हे शहर आहे त्या पेनसिल्व्हेनियाने १७८० साली गुलामगिरी क्रमाक्रमाने संपुष्टात आणणारा कायदा केला होता. परराज्यातील मालकाने आणलेला गुलाम तेथे सलग सहा महिने राहिला, तर तो आपल्या मुक्ततेचा हक्क सांगू शकत असे. वॉशिंग्टन यांच्या घरी व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन येथून आणलेले गुलाम कामाला होते. हे गुलाम मुक्त होऊ नयेत म्हणून सहा महिने भरण्यापूर्वीच त्यांना राज्याच्या सीमेबाहेर नेऊन आणण्याची युक्ती योजली गेली. १७८८ सालच्या दुरुस्तीने ही पळवाट बंद केलेली असतानाही ती योजली गेली. एप्रिल १७९१ मध्ये वॉशिंग्टन यांनी आपले चिटणीस टोबायस लिअर यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. गुलामांना परत पाठवण्याचे काम अशा निमित्ताने व्हावे की त्यांची आणि जनतेचीही दिशाभूल होईल, अशी इच्छा त्या पत्रात स्पष्ट शब्दांत नमूद आहे. ज्याला खोटे बोलता येत नव्हते असे आपण मुलांना सांगतो, त्याच पुरुषाचे हे पत्र आहे.

या घरात ओना जज नावाची एक तरुण गुलाम स्त्री होती. शिवणकामात ती निपुण होती आणि वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांची ती खास दासी होती. आपल्याला मार्थाबाईंच्या नातीला देऊन टाकणार आहेत, हे तिला कळले. २१ मे १७९६ रोजी घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ती घराबाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्‌समथ येथे पोचली. तिला पकडून देणाऱ्यास दहा डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. पळालेले गुलाम मालकाला परत मिळवून देणाऱ्या १७९३ सालच्या कायद्यावर स्वतः वॉशिंग्टन यांची सही होती. तरी ओनाच्या बाबतीत त्यांनी कायद्याचा मार्ग सोडून सरकारी जकात अधिकाऱ्यामार्फत गुपचूप प्रयत्न केले. मालकाच्या पश्चात मुक्तता मिळण्याची हमी असेल तर परत येते, असा निरोप तिने पाठवला. तो फेटाळला गेला. ती परत गेली नाही. १८४८ साली ती मरण पावली, तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने ती फरारी गुलामच होती. वृद्धपणी गुलामगिरीविरोधी वृत्तपत्रांना दिलेल्या मुलाखतींत, इतके कष्टाचे जिणे वाट्याला आल्याबद्दल पश्चात्ताप होतो का, असे तिला विचारले गेले. आपण स्वतंत्र आहोत, पश्चात्ताप नाही, असे तिने सांगितले. अमेरिकन स्वातंत्र्याचा अर्थ या स्त्रीइतका नेमका फार थोड्यांना कळला असेल. पाठ्यपुस्तकांत मात्र चेरीच्या झाडाला जागा मिळाली, ओना जजला नाही.

दुसरी दंतकथा वॉशिंग्टन यांच्या लाकडी दातांची. १७८९ साली अध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता, हे खरे. पण त्यांच्या कवळ्या लाकडी नव्हत्या. त्यांत पाणघोड्याचा दात, शिसे आणि इतर धातू वापरलेले होते, आणि माणसांचे दातही होते. १७८४ सालच्या त्यांच्या हिशेबाच्या वहीत, दंतवैद्याच्या खाती नऊ दातांसाठी निग्रोंना १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. हे दात वॉशिंग्टन यांच्याच तोंडात बसले की कसे, याची खात्री देता येत नाही. परंतु मालक जेव्हा गुलामाकडून दात ‘विकत’ घेतो, तेव्हा त्या व्यवहारात संमती कितपत असेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. लाकडी दातांची गोष्ट निरुपद्रवी आणि थोडी गमतीची आहे. हिशेबाच्या वहीतील एका ओळीत मात्र एक संपूर्ण समाजव्यवस्था दिसते.

दंतकथेचे हेच खरे कार्य असते. ती व्यवस्थेच्या जागी व्यक्तीचा स्वभाव आणून बसवते. सगळी चर्चा थोर पुरुषाच्या प्रामाणिकपणाची आणि साधेपणाची होते. त्याची शेती कोण कसत होते, हा प्रश्न उद्भवतच नाही. वॉशिंग्टन वारले तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. पहिल्या बारा राष्ट्राध्यक्षांपैकी जॉन अॅडम्स आणि त्यांचे पुत्र जॉन क्विन्सी अॅडम्स हे दोघे वगळता उरलेले दहाही जण आयुष्यात केव्हा ना केव्हा गुलामांचे मालक होते. यात योगायोग कमी आणि संविधानाचा भाग मोठा होता. १७८७ च्या संविधानाने प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब मान्य केला. गुलामाला मत नव्हते, पण त्याच्या डोक्यामुळे मालकाच्या राज्याचे बळ वाढत होते. अध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळातही तेच बळ उतरत होते.

‘पहिल्या अध्यक्षाला जनतेने एकमुखाने निवडले’ हे वाक्यही असेच तपासून घ्यावे लागते. एकमत झाले ते मतदारमंडळातील ६९ जणांचे. कित्येक राज्यांत त्यांची निवड विधिमंडळांनीच केली होती. आणि जेथे लोकांना मत होते तेथे ते मुख्यतः मालमत्ताधारक गोऱ्या पुरुषांपुरते होते. या सरकारने १७९१ साली व्हिस्कीवर कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातील लहान शेतकरी डोंगरापलीकडे धान्य नेणे परवडत नसल्याने त्याची दारू गाळून विकत. कराची रचना मोठ्या कारखानदाराला सोयीची आणि या शेतकऱ्याला जाचक होती. १७९४ साली त्यांनी उठाव केला, तेव्हा सुमारे १३,००० सैनिक जमवून स्वतः अध्यक्ष काही अंतरापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. निवृत्तीनंतर वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्ननवर स्वतःची भट्टी काढली. १७९९ साली गुलामांच्या श्रमावर तेथे सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की तयार झाली.

थॉमस जेफर्सन यांची कथा अधिक करुण आहे. सर्व माणसे समान आहेत, असे स्वातंत्र्याच्या घोषणापत्रात १७७६ साली लिहिणाऱ्या या प्रज्ञावंताने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांवर मालकी गाजवली. त्यांच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण सॅली हेमिंग्ज ही त्यांची गुलाम होती. तिच्या मुलांचे पिता जेफर्सन आहेत, हा बोभाटा १८०२ सालीच झाला होता. सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ साली ओहायोतील एका वृत्तपत्रात आपली हकीकत सविस्तर सांगितली. बहुसंख्य इतिहासकारांनी शतकभर ती अविश्वसनीय ठरवली. गुलामीत जन्मलेल्याच्या साक्षीपेक्षा गोऱ्या कुटुंबाचा नकार त्यांना अधिक वजनदार वाटला. १९९८ च्या जनुकीय तपासणीने मॅडिसनच्या म्हणण्याला पुष्टी मिळाली, आणि जेफर्सन यांची वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेनेही २००० साली त्या बाजूने कौल दिला. मॅडिसन आणि त्याची भावंडे अखेर मुक्त झाली. पण ४ जुलै १८२६ रोजी, घोषणापत्राच्या सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी, जेफर्सन वारले, आणि पुढच्या जानेवारीत त्यांच्या कर्जापायी मॉन्टिसेलो येथील १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. पहिली घटना मुलांना आवर्जून सांगितली जाते. दुसरी तिच्यामागोमाग सांगितल्याशिवाय पहिलीचा अर्थ पुरा होत नाही.

येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. मूर्तिपूजेचा कंटाळा आला म्हणून मूर्तिभंजनाची चैन करण्यात शहाणपण नाही. वॉशिंग्टन यांनी दोन कारकिर्दींनंतर सत्ता सोडली, ही त्या काळातील असामान्य गोष्ट होती. आपल्या स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांना मुक्त करण्याची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली, हेही सांगितलेच पाहिजे. पत्नीच्या पहिल्या पतीच्या मिळकतीतून आलेल्या गुलामांना ती लागू नव्हती, हेही तितकेच सांगितले पाहिजे. आणि घोषणापत्रातील समतेचे वचन त्याच्या लेखकाने पाळले नाही, म्हणून ते वचन खोटे ठरत नाही. १८४८ साली सेनेका फॉल्स येथे स्त्रियांनी त्याच वचनाच्या आधारे आपले हक्क मागितले. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ साली ४ जुलैच्या उत्सवावर कठोर टीका केली, तीही त्याच वचनाला प्रमाण मानून. लिहिणाऱ्यांच्या हातून निसटलेले तत्त्व, ज्यांना ते नाकारले गेले त्यांनी उचलून धरले.

आपल्या महाराष्ट्रात हे मर्म जोतीराव फुले यांनी ओळखले होते. तरुणपणी त्यांनी थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला होता. पेन यांच्या लेखणीने अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला बळ दिले, पण अखेरीस त्याच देशात त्यांना उपेक्षेत मरण आले. १८७३ साली, म्हणजे मॅडिसन हेमिंग्ज आपली हकीकत सांगत होता त्याच वर्षी, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केली. ही अर्पणपत्रिका कोणा राष्ट्राध्यक्षाच्या नावाने नाही, हे ध्यानात घ्यावे. इतिहासाचे श्रेय कोणाच्या खाती मांडायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते; आणि तेच माप त्यांनी येथील शूद्रातिशूद्रांच्या दास्याला लावले.

फिलाडेल्फियातील अध्यक्षांच्या घराच्या जागेवर २०१० साली स्मारक उभे राहिले, आणि तेथे राबलेल्या नऊ गुलामांची नावे, ओना जजसह, जगासमोर आली. त्यासाठी तेथील कृष्णवर्णीय नागरिकांना कित्येक वर्षे लढावे लागले. मार्च २०२५ मध्ये मात्र अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की, संघराज्याच्या ताब्यातील स्थळांवर पूर्वीच्या अमेरिकनांना अनुचित रीतीने कमी लेखणारा मजकूर असू नये. म्हणजे वीम्स यांचे काम अजून संपलेले नाही. फरक इतकाच की वीम्स पुस्तके खपवण्यासाठी लिहीत होते आणि आता आज्ञा सत्तेकडून सुटते.

मित्रहो, थोर पुरुषांच्या कथा प्रत्येक देशात रचल्या जातात आणि मुले त्या ऐकतच राहणार. आपण कार्यकर्त्यांनी अशी कथा कोठेही ऐकली की तीन गोष्टी विचाराव्यात: ही कथा प्रथम कोणी लिहिली, ती घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, आणि त्या घरातील स्वयंपाक, शिवण आणि शेती कोण करीत होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चरित्रग्रंथात क्वचितच सापडेल. त्यासाठी हिशेबाच्या वह्या, फरारी गुलामांच्या जाहिराती आणि वृद्धांच्या आठवणी धुंडाळाव्या लागतील. ते काम कष्टाचे आहे, पण ते दुसरे कोणी आपल्यासाठी करून ठेवणार नाही.