दोन शब्दांतील तिसरा अर्थ



एखाद्या पराभूत समाजाजवळ तत्त्वज्ञान होतें कीं नव्हतें, याचा निवाडा कोणीं करावा? मेक्सिकोचे पंडित मिगेल लेओन-पोर्तिया (१९२६–२०१९) यांचें आयुष्य पाहतां उत्तर सोपें वाटतें: ज्यानें त्या समाजाची भाषा शिकून घेतली, त्यानें.

१५२१ सालीं स्पॅनिश सैन्यानें व त्याच्या एतद्देशीय मित्रांनीं अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. तेथील चित्रमय पोथ्या पुष्कळशा नष्ट झाल्या. तथापि पुढें बेर्नार्दिनो दे साआगून या ख्रिस्ती धर्मोपदेशकानें वृद्ध जाणत्यांना प्रश्न विचारून, त्यांचीं उत्तरें तद्देशीय विद्यार्थ्यांच्या साहाय्यानें त्यांच्याच नाहुआत्ल भाषेंत लिहवून घेतलीं. त्यांतून बारा भागांचा ग्रंथ सिद्ध झाला.

लेओन-पोर्तिया यांनीं प्रथम पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता. मग आंखेल मारिया गारिबाय या विद्वान् धर्मगुरूंपाशीं ते नाहुआत्ल शिकले, आणि अशा मूळ लेखांच्या आधारें नाहुआत्ल तत्त्वज्ञानावर त्यांनीं १९५६ सालीं मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठांत प्रबंध सादर केला.

या भाषेची एक लकब आहे. दोन शब्द जोडून तिसराच अर्थ सांगावयाचा. ‘पाणी व डोंगर’ म्हणजे नगर. ‘मुख व हृदय’ म्हणजे माणसाचें व्यक्तित्व. ‘फूल व गाणें’ म्हणजे काव्य. आपणहि ‘मीठभाकर’ म्हणतों, तेव्हां केवळ मीठ आणि भाकर आपल्या मनांत नसते. शाळेंत भाषांतर तपासतांना मला वारंवार दिसे कीं, शब्द सगळे बरोबर, अर्थ मात्र निसटलेला! येथें तसें झालें असतें, तर हातीं केवळ फुलें राहिलीं असतीं. या क्षणभंगुर जगांत सत्य बोलावयाचें तरी कसें, हा त्या ज्ञात्यांचा प्रश्न होता. आणि ‘फूल व गाणें’ हें त्याचें उत्तर, असें लेओन-पोर्तिया यांनीं दाखविलें.

त्यांच्यावर आक्षेपहि आले. हे लेख जेत्यांच्या धर्मोपदेशकांच्या हातून आले. त्यांत मूळचें किती, मागाहूनचें किती? शिवाय, याला ग्रीकांच्या अर्थानें तत्त्वज्ञान म्हणावें काय? शंका रास्त आहेत. परंतु त्यांचें निरसन करावयाचें असो वा समर्थन, मूळ लेख वाचल्यावांचून गत्यंतर नाहीं.

ती भाषा मृतहि नाहीं. २०२० च्या जनगणनेप्रमाणें मेक्सिकोंत सोळा लाखांहून अधिक लोक ती बोलतात. तेव्हां ‘अमक्या लोकांत विचारच नव्हता,’ असें कोणीं म्हटल्यास आपण नम्रपणें एवढेंच विचारावें: महाराज, त्यांची भाषा आपणांस येते काय?