शंकराची भांग आणि मुलाचा प्रश्न



महाशिवरात्रीला घरातला पंधरा वर्षांचा मुलगा सहज विचारतो, "शंकराला भांग चालते, साधू चिलीम ओढतात; मग गांजा वाईट कसा?" वडील वर्तमानपत्रात डोके घालतात, आई "देवाची थट्टा करू नये" म्हणून विषय संपवते. मग मुलगा उत्तर मित्रांकडून मिळवतो.

वास्तविक या प्रश्नाला भिण्याचे कारण नाही. आयुर्वेदाने विजया शोधन करून, मात्रा ठरवून औषधात वापरली, हे मुलांपासून लपवू नये. साधूने संसार सोडलेला असतो. दहावीच्या मुलाने तो अजून मांडलेलाही नसतो! १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुला-फळांचे शेंडे. नुसती पाने त्यात येत नाहीत, म्हणून भांग वेगळी ठरते. गांजाच्या सेवनाला मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

"एकदा ओढलास की वेडा होशील" ही धमकी टाळावी. ओढणारा मित्र परीक्षेत उत्तीर्ण झालेला दिसला, की ब्राउन शुगरविषयीचा खरा इशाराही मुलाला खोटा वाटू लागतो. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालते, नियमित सेवनाने स्मरणशक्ती मंदावते, घराण्यात मनोविकार असेल तर धोका अधिक. एवढे सांगितले तरी पुरे.

आणि मुलाने कबुली दिली तर? त्या रात्री हात उचलू नये. सवय जडली असेल तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला सेवनाच्या गुन्ह्यात याच कायद्याच्या कलम ६४-अ चे संरक्षण मिळते. शेजाऱ्यांना काय सांगायचे, ते नंतर ठरवता येईल.