'अमक्याची बायको' हे नाव नव्हे



स्वागताध्यक्ष मघाशी म्हणाले, की इंग्लंडच्या बायकांना मतासाठी तुरुंगात जावे लागले, उपास करावे लागले. आपल्या भगिनींना मात्र घटनेने तो हक्क आयता ताटात वाढला. टाळ्या पडल्या. त्यांत बायकांचेही हात होते, म्हणून लेखी भाषण बाजूला ठेवते. ते स्मरणिकेत छापलेलेच आहे.

घटना १९५० ची. १९१७ च्या डिसेंबरात मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूसाहेबांपुढे सरोजिनी नायडू बायकांचे शिष्टमंडळ घेऊन गेल्या, तेव्हा कुठे होती घटना? मागणी साधी होती : जनतेला अधिकार देणार असाल, तर त्या जनतेत आम्हालाही धरा. मताधिकाराचा विचार करायला नेमलेल्या साउथबरो समितीने नाही म्हटले. समाज रूढीप्रिय, बायका पडद्यात, मतदान व्हायचे कसे? म्हणजे आधी कोंडायचे, आणि कोंडलेली आहे म्हणून हक्क नाकारायचा!

मग १९१९ साली मुंबईच्या हेराबाई टाटा लेक मिठनला घेऊन लंडनला गेल्या. पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी बाजू मांडली, सभा घेतल्या. पार्लमेंटने हात झटकले आणि प्रश्न प्रांतांच्या कौन्सिलांवर ढकलला. बायकांना मत द्यायचे की नाही, हे पुरुषांच्या मतांवर निवडून आलेले पुरुष ठरवणार. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे या कामात उतरल्या, आणि मद्रासपाठोपाठ १९२१ मध्ये मुंबईने दार उघडले. उघडले कसले, किलकिले केले. मत मालमत्तेवर होते. सातबारा बाईच्या नावावर आजही किती घरांत आहे, ते तुम्हीच सांगा.

यावर सरकारने तोड काढली : नवऱ्याकडे मालमत्ता असेल, तर बायकोला मत. राजकुमारी अमृत कौर, मुथुलक्ष्मी रेड्डी आणि शरीफा हमीद अली यांनी १९३३ मध्ये लंडनला जाऊन सुनावले, की मत माणूस म्हणून हवे, कुणाची बायको म्हणून नको. ऐकले कोणी? १९३५ च्या कायद्यात ती अट राहिलीच. मतदार बायका सुमारे ६० लाख झाल्या. भूमिहीनाची निरक्षर बायको बाहेरच राहिली. याला आयते म्हणतात का, स्वागताध्यक्ष?

घटनेने सरसकट सगळ्या प्रौढांना मत दिले, हे खरेच, आणि त्याचे मोल मी कमी करत नाही. पण पुढे काय झाले ते ऐका. पहिल्या निवडणुकीच्या याद्या होत होत्या. नाव विचारले की उत्तर यायचे, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई'. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले : नाव नाही, तर नोंद नाही. जवळजवळ २८ लाख बायका यादीतून गळाल्या. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत इकडच्या. आपल्याकडच्या नव्हेत म्हणून मागच्या रांगेत कोणी सुस्कारा टाकू नये. सेन यांना कोणी कठोर म्हणो, मला त्यांचे पटते. त्यांनी त्या बायका यादीबाहेर काढल्या नाहीत; त्या आधीच घराघरांतून पुसल्या गेल्या होत्या, सेन यांनी ते फक्त कागदावर दाखवले.

आपण सारस्वत तरी वेगळे आहोत का? ग्रंथकारांचे पहिले संमेलन १८७८ चे. अध्यक्षपदी बाई यायला १९६१ उजाडावे लागले, त्या कुसुमावती देशपांडे. त्र्याऐंशी वर्षे! आणि आजची ही पत्रिका पाहा. दीपप्रज्वलनाच्या ओळीत छापले आहे : 'स्वागताध्यक्षांच्या सुविद्य पत्नी'. सुविद्य आहेत, तर नाव का नाही? सेनसाहेबांनी ही ओळ यादीत ठेवली नसती.

मघाशी समई लावताना मी बाईंना नाव विचारले. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिले, मग हळूच सांगितले. ते मी इथून सांगणार नाही. निवेदकांनी माइक पहिल्या रांगेत न्यावा. आम्ही थांबतो.